पाच नळ्या रक्त आणि अर्धा पेढा

आमच्या सासरवाडीत तीन वर्षं मला कोणी पेढा दिला नाही. ताट फिरायचं, सगळ्यांच्या हातावर पेढा पडायचा, माझ्यापाशी आलं की ताट जरा वर उचललं जायचं आणि कोणीतरी म्हणायचं, "दाजींना नको, त्यांना ताप येतो." मग सगळे हसायचे. मी हसायचो नाही.

आरोप असा होता. माझ्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तोंडात काही घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी दुसऱ्या दिवशी चोरून पेढा खाल्ला, म्हणून मला तो भयंकर ताप आला आणि घरच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आरोप करणारा माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. शाळामास्तर. त्याने एखादी गोष्ट सांगितली की ती फळ्यावर लिहिल्यासारखी लोकांच्या डोक्यात बसते.

मी पेढा खाल्ला नव्हता. हे मी शांतपणे सांगून पाहिलं, ओरडून सांगून पाहिलं, एका बारशात पेढ्यांचा अख्खा पुडा अंगणात भिरकावूनही सांगितलं. जितक्या जोरात सांगावं तितका मी जास्त चोर ठरत गेलो.

माझा धंदा जुन्या पंपांचा. सतराव्या वर्षी वाघोलीच्या पुढच्या गावातून दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुण्यात आलो आणि कसबा पेठेत एका बोळात बसलो. लोकांनी टाकलेला पंप उचलायचा, खोलायचा, बेअरिंग बदलायचं, रंग मारायचा आणि विकायचा. या धंद्यात पहिल्या शब्दाला हो म्हणणारा टिकत नाही. ती सवय अंगात इतकी मुरली की ज्याला भाव नाही त्याचीही मी घासाघीस करतो. पोटातली गाठ काढायची ठरली तेव्हा सर्जन म्हणाले, मंगळवारी. मी म्हणालो, शुक्रवार करा, मंगळवारी एक पंप पोचवायचा आहे.

"आतडं तुमचं," चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "वार माझा."

असं बोलणारा माणूस मला आवडतो. मी मंगळवार घेतला.

आदल्या दिवशी सकाळी दवाखान्यात दाखल झालो. बायको पिशवीतून टॉवेल, पेला, उदबत्तीचा पुडा काढून कपाटात लावत होती, तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हातात वही, चेहऱ्यावर झोप. मोठ्या परीक्षेसाठी त्यांना प्रबंध लिहायचा होता आणि त्यासाठी माझं रक्त हवं होतं.

"काका, पाच वेळा थोडं थोडं. ऑपरेशनच्या आधी एकदा, पोट उघडं असताना एकदा, शिवून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि मग आठवड्याने."

"कशाला?"

त्या स्टुलावर बसल्या. मला बरं वाटलं, कारण डॉक्टर लोक सहसा उभ्यानेच बोलतात. त्यांनी सांगितलं, ते असं. माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू असतात आणि तिथे असतात तोवर त्यांचा त्रास नसतो. पण ते मेले, फुटले की त्यांच्या कवचाचे तुकडे सुटतात, आणि ते तुकडे म्हणजे विष. पोट उघडून आतडी हाताळली की त्यातलं थोडं रक्तात झिरपतं. ज्याच्या अंगात त्या विषाला धरून ठेवणारी द्रव्यं भरपूर आहेत त्याचं निभावतं. ज्याच्या अंगात कमी आहेत त्याचं काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं.

"म्हणजे माझं पोट कापणार तुम्ही, विष माझ्या रक्तात सोडणार तुम्ही, आणि वर मोजणारही तुम्हीच?"

"कापणार सर. मी फक्त मोजणार."

"अहो, देऊन टाका की रक्त," बायको म्हणाली. "शिकतायत त्या."

"तू थांब गं. पाच फार होतात."

मी खाटेवरचा टॉवेल उचलला, माझ्या हातावर टाकला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणालो, खाली हात घाला. त्या बिचकल्या. मग बायकोने समजावलं. आमच्या गावाकडे बैलबाजारात भाव तोंडाने करत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट एक, दोन बोटं दोन, पूर्ण पंजा धरला की पाच. आजूबाजूच्याला काही कळत नाही. वडील म्हणायचे, "बोटं बोलत्यात, तवर त्वांड गप ठिवायचं." तोंड गप ठेवणं मला जमलं नाही, बोटांचं जमलं.

बाईंनी हात घातला. मी तीन बोटं दाबली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझा पंजाच धरला, घट्ट. एवढीशी पोर, पण पकड अशी की दुसरा आकडा संभवतच नाही.

"ठीक आहे, पाच," मी म्हणालो. "पण माझी अट. त्या पाच नळ्यांत काय सापडलं, ते तुम्ही स्वतः येऊन मला मराठीत सांगायचं."

"कबूल."

"टॉवेलाखालचा शब्द आहे. हा फिरवत नाहीत."

"नाही फिरवणार, काका."

पहिली नळी त्यांनी तिथेच भरली. वर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, १७. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, असा नियम होता. मी तो नंबर डोक्यात ठेवला. पंपावरचा नंबर आणि विकणाऱ्याचा चेहरा मी विसरत नाही.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण तिथे हजर असूनही मी काही पाहिलं नाही. हात-दीड हात आतडं काढलं म्हणे. जाग आली तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, हातात नळी, आणि समोर बायको. पाणीसुद्धा द्यायचं नाही असा हुकूम होता. आतडी झोपलेली असतात, ती जागी होऊन आवाज करायला लागेपर्यंत तोंड बंद. मी सिस्टरला विचारलं, अर्धा चमचा? त्यांनी ओल्या कापसाने ओठ पुसले आणि म्हणाल्या, "हाच तुमचा चहा." तिथेही मी शब्द दिला, आवाज होईपर्यंत काही घेणार नाही. शब्द दिला म्हणजे दिला. सासरच्या लोकांना हेच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सुरुवात झाली. आधी पायांची बोटं गार पडली. मग पाठीच्या कण्यातून काहीतरी वर चढलं आणि दात वाजायला लागले. फाउंडेशनचे बोल्ट सैल झालेला पंप चालू केला की जसा थडथडतो, तसा मी. लोखंडी खाट हलत होती, सलाइनचा स्टँड खाटेवर टकटक आपटत होता. थंडी वाजतेय म्हणून दोन घोंगड्या घातल्या, तर थर्मामीटर म्हणतंय हा माणूस भट्टीसारखा तापलाय. काळीज असं धावत होतं की मला कानात ऐकू यायचं. सिस्टरने रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि धावत डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

दुसऱ्या सिस्टर मला कुशीवर वळवायला आल्या. उशी सरकली आणि उशाखालून कागदाची पुडी पडली. पुडीत देवळातल्या प्रसादाचा पेढा. अर्धा.

"हा कोणी खाल्ला?"

खाटेच्या पायथ्याशी मेव्हणा उभा होता. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. तो मोठ्याने म्हणाला, "दाजी! तुम्हाला नको म्हटलं होतं ना?"

माझे दात एकमेकांवर आपटत होते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला खोटं पाडत होतं आणि मला उलट एक शब्द बोलता येत नव्हता. तेवढ्यात बायको आली, सासूबाई आल्या, चुलतसासरे आले, आणि सगळ्यांना त्याने तेच सांगितलं. खटला निकालात निघाला. आरोपी थडथडत पडलेला.

पुढचे दोन-तीन दिवस मला नीट आठवत नाहीत. एकच आठवतं. मी बाजारात उभा आहे, ऊन चटचटतंय, समोर कोणीतरी आहे पण उन्हामुळे तोंड दिसत नाही, आणि हातांवर कापड आहे. मी वर्षं मागतोय. पोरीचं लग्न व्हायचंय, दुकान पोराच्या हाती द्यायचंय, सगळं मोजून मी चार बोटं दाबतो. समोरचा काही बोलत नाही. मी पुन्हा चार दाबतो. मग तो एकदम माझा पूर्ण पंजा धरतो आणि सोडतच नाही. मागितलं त्याहून जास्त देणारं गिऱ्हाईक मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मला झोप लागली असावी. उठलो तेव्हा ताप उतरला होता आणि पोटात गुडगुड झाली होती. सिस्टरने कान लावून ऐकलं आणि बायकोला म्हणाल्या, "द्या आता चहा."

घरी आलो तर कथा माझ्या आधी पोचलेली. कोथरूडला आमच्या सोसायटीत, कसब्यात शेजारच्या दुकानांत, सगळीकडे. शेजारचे कुलूपवाले चाचा जुनेजाणते, मुद्दाम खुर्ची घेऊन माझ्या दारात बसले. "जनाब, मिठाईसाठी जीव देणारे नवाब ऐकले होते, पंपवाला पहिलाच." मी बोहनीच्या वेळी त्यांच्याशी भांडलो. सर्जनना विचारलं तर ते म्हणाले, "ताप येतो असा कधी कधी. गेला ना? मग कशाला उकरताय?"

अहो, तुमचा गेला, माझा कुठे गेला?

आता माझी सगळी भिस्त त्या पाच नळ्यांवर. पाचवी नळी भरून बाई गेल्या होत्या त्या गेल्याच. महिना झाला, सहा महिने झाले. मी दवाखान्यात जाऊन चौकशीच्या खिडकीशी उभा राहिलो.

"त्यांची इथली मुदत संपली," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मग कुठे गेल्या?"

"खिडकीवर काय लिहिलंय?"

"चौकशी."

"चौकशी रुग्णांची. डॉक्टरांची नाही."

मी काचेवर हात आपटला. त्याने खिडकी लावून घेतली, पाटी उलटी केली. पाटीच्या मागे लिहिलं होतं, जेवणाची सुट्टी. सकाळचे साडेदहा वाजले होते.

अशा माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. टॉवेलाखालचा शब्द मोडला म्हणून मेव्हण्याच्या जोडीला डॉक्टरीणबाईंचंही नाव मी माझ्या यादीत घातलं. शेवटी पत्ता लागला तो गावाकडच्या फेरीत. वाघोलीत एका नव्या दवाखान्याला टाकीवर पाणी चढवायला पंप हवा होता. बघायला गेलो, तर दाराशी त्यांच्या नावाची पाटी. पंप राहिला बाजूला. मी थेट आत घुसलो.

त्यांनी वर पाहिलं आणि हसल्या. "टॉवेलवाले काका!"

"हसू नका. तुम्ही शब्द मोडला."

त्या म्हणाल्या, "खरंय. प्रबंध झाला, लगेच बदली झाली, आणि नळ्यांवर नावंच नव्हती. कुठली कोणाची हे मला तरी काय माहीत?"

"सतरा," मी म्हणालो.

त्यांनी लगेच कपाटातून काळी जाडी वही काढली, पानं उलटली आणि एका आलेखावर बोट ठेवलं. दोन रेघा होत्या. एक विषाची, एक त्याला धरणाऱ्या द्रव्यांची.

"ही पहिली नळी, ऑपरेशनच्या आधीची. विष जवळजवळ नाही. पण बघा, विषाला धरणारी द्रव्यंही तुमच्यात मुळात कमीच होती. आता दुसरी. पोट उघडं आहे, आतडी हाताळतायत. विष वर गेलं. आणि ही खालची रेघ घसरायला लागली, कारण असलेला साठा खर्च होतोय. चौथ्या नळीपर्यंत तळ गाठला. त्याच दुपारी तुम्हाला ताप आला. पाचव्या नळीत बघा, साठा पुन्हा भरलाय, आधीपेक्षा जास्त."

मी ती रेघ डोळे बारीक करून पाहिली. आपण बेशुद्ध पडलेलो असताना आपल्या आत एवढं चाललं होतं, आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही.

"आतड्याचं अस्तर गळलं," मी म्हणालो. "पंपाच्या दांड्याभोवती दोरी भरतात, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पंप कोरडा चालला की ती दोरी जळते आणि गळायला लागते."

"बरोबर तेच. ऑपरेशनमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो, आणि ते अस्तर थोडं गळतं."

"मग पेढ्याने ताप येतो का?"

"कुठला पेढा?"

मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग डॉक्टर झाल्या. "एका माणसाच्या रेघेवरून मी सगळं छातीठोक सांगणार नाही. पण दुसरी नळी भरली तेव्हा तुमच्या तोंडात पेढा जाणं शक्यच नव्हतं, आणि विष तर रक्तात आलेलं दिसतंय. कणभर पेढ्याने असं होत नाही. तरी सांगते, खायला नकोच होता."

"मी खाल्ला नव्हता!"

"बरं बरं," त्या म्हणाल्या, अगदी माझ्या सासूबाईंच्या सुरात.

त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. पंपाचं बोलायला मी पुढच्या आठवड्यात गेलो.

मला ती झेरॉक्स चारचौघांत काढायची होती. जूनमध्ये मेव्हण्याची मुलगी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली आणि रविवारी त्याच्या कोथरूडच्या घरी सगळी मंडळी जेवायला जमली. हॉलमध्ये सतरंज्या, पंखा फुल, आणि पेढ्यांचं ताट फिरायला लागलं. माझ्यापाशी आलं. ताट उचललं गेलं. भाची हसत म्हणाली, "आतोबांना..."

"थांब," मी म्हणालो आणि खिशातून कागद काढला.

दुसरी नळी कुठली, तिसरी कुठली, सगळं मी मोठ्याने समजावलं. सासूबाईंना एक अक्षर कळलं नसावं, पण त्या मान डोलावत होत्या. "म्हणजे," मी शेवटी म्हणालो, "ताप ऑपरेशनमुळे आला. पेढ्यामुळे नाही. पेढा देवळातून आणायच्या आधीच विष माझ्या रक्तात होतं!"

आता मास्तर काय बोलतो ते पाहू, म्हणून मी वळलो. मास्तर उठून माझ्याजवळ आला होता. कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा पाहिला आणि मला दंडाला धरून गॅलरीत घेऊन गेला. दार लावून घेतलं.

"दाजी, नक्की? पेढ्यामुळे नाही?"

"छापील आहे."

तो वॉशिंग मशीनला टेकला. डोळे भरून आले होते त्याचे. "त्या दिवशी सकाळी तुम्ही ग्लानीत होतात. आईने प्रसाद पाठवला होता. परत कसा नेणार? मी कणभर तुमच्या जिभेला लावला."

"काय?"

"कणभरच. मग बाकीचा अर्धा मी खाल्ला. उरलेला तुमच्या उशाशी ठेवला. आणि चार वाजता तुम्हाला थंडी भरली. मला वाटलं, मी मारलं दाजींना."

"आणि म्हणून माझ्यावर ढकललंस?"

"तोंडातून निघून गेलं. मग परत घेता येईना. दाजींनीच खाल्ला असं चार लोकांत बोललो की जरा हलकं वाटायचं. रोज वाटायचं, आज ताईला खरं सांगावं."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. तीन वर्षं मी जो हिशेब चुकता करायला कागद खिशात घेऊन आलो होतो, तो कागद त्याला माझ्यापेक्षा जास्त हवा होता. आणि वर, तांत्रिकदृष्ट्या मी पेढा खाल्ला होता! संताप तर होताच. आवाज चढला, शेजारच्या गॅलरीतल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

"हे आत्ता आत जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं," मी म्हणालो. "आणि एकदा नाही."

"किती वेळा?"

दोरीवर टॉवेल वाळत होता. मी तो ओढला, हातावर टाकला. त्याने खाली हात घातला. मला त्याच्याकडून चार समारंभांत कबुली हवी होती, म्हणून चार बोटं दाबली. त्याला ही बोटांची भाषा कुठून येणार, तो पुण्यात वाढलेला. त्याने सरळ माझा पूर्ण पंजा धरला, घट्ट, आणि सोडेना.

खडूने खरखरीत झालेला हात. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. हा पंजा मी आधी धरला होता, उन्हात, कापडाखाली.

"तापात माझ्याजवळ कोण बसायचं रे?"

"दिवसा मीच. शाळेला रजा टाकली होती. तुम्ही माझी बोटं चेपायचात, मला कळायचं नाही काय हवंय. मग मी आपला हात धरून बसायचो."

पूर्ण पंजा म्हणजे पाच. न कळता त्याने मागितल्यापेक्षा एक जास्त कबूल केलं होतं, आणि समोरच्याची चूक मी धंद्यात कधी सोडत नाही. तरी या वेळी मी त्याचा हात टॉवेलाखाली उलटा केला आणि दोन बोटं दाबली.

"दोन," मी म्हणालो. "दोन वेळा सांगायचं. पण नीट, खणखणीत. वर्गात सांगतोस तसं."

तो आत गेला आणि उभा राहून म्हणाला, "पेढा दाजींनी खाल्ला नव्हता. मी त्यांच्या तोंडाला लावला, आणि अर्धा मीच खाल्ला." सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "मग बारशातला पुडा फेकला तो उगीचच ना?" भाचीने ताट माझ्यापुढे धरलं. मी दोन पेढे उचलले.

दुसरी वेळ अजून यायची आहे. त्यानंतर किती लग्नं झाली, मुंजी झाल्या, त्याच्याच मुलीचं केळवण झालं. प्रत्येक वेळी तो माझ्याजवळ येऊन कानात विचारतो, "दाजी, आज सांगू?" मी म्हणतो, "आज राहू दे." तो तीन वर्षं माझ्यावर आळ घेऊन हिंडला, हे मी विसरलेलो नाही. थोडं टांगणीला राहू दे त्यालाही.